दुरुस्ती आणि सक्ती



या स्मृतिव्याख्यानासाठी मी निवडलेला विषय वरवर पाहता तांत्रिक वाटेल. पण त्याचा जाच आपल्यापैकी बहुतेकांनी सोसला आहे. संगणक आपण पैसे मोजून घेतो, तो सुरळीत चालतही असतो, आणि एके दिवशी पडद्यावर सूचना उमटते की, आता नवी आवृत्ती घ्या. ‘नको’ म्हणण्याची सोय पुष्कळदा नसतेच. ‘आता’ की ‘नंतर’, एवढाच प्रश्न विचारला जातो. माणसे चिडतात आणि जाणकार त्यांना मागासलेले ठरवतात. मला ही चीड रास्त वाटते. परंतु तिचे नेमके कारण ओळखले नाही, तर ती भलत्याच जागी खर्च होते.

ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, ही यंत्र आणि आपली कामे यांच्यामधली कारभारीण होय. कळफलकावरचे अक्षर टिपणे, फाइल जपून ठेवणे, छपाईयंत्राला हुकूम देणे, हे सारे तिच्यामार्फत चालते. साहजिकच ती बदलली की तिच्यावर विसंबलेले सर्वच हलते. तिच्यात होणारे बदल दोन जातींचे असतात. इतक्या अवाढव्य आज्ञावलीत चुका राहतातच आणि त्या फटींतून परका माणूस आत शिरू शकतो. ती फट बुजवणे ही दुरुस्ती. जुनी प्रणाली काढून तिच्या जागी दुसरी बसवणे, हे नव्या आवृत्तीचे काम. पहिले काम गळके छप्पर शाकारण्यासारखे, दुसरे घर पाडून नवे बांधण्यासारखे. आपल्या साऱ्या तक्रारीचे मूळ, ही दोन कामे एकाच गाठोड्यात बांधली जातात, यात आहे.

दुरुस्ती टाळण्याचे परिणाम किती गंभीर असतात, हे १२ मे २०१७ रोजी दिसले. ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक आज्ञावलीने सुमारे १५० देशांतील लाखो संगणकांच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ पैकी किमान ८० रुग्णालय-संस्थांना त्याची झळ पोहोचली. रुग्णांच्या हजारो भेटी रद्द झाल्या. तेथील बाधित संगणकांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होती. तिच्यासाठीची दुरुस्ती १४ मार्च रोजीच, म्हणजे दोन महिने आधी, उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसवली होती, त्यांची जुनी आवृत्ती या हल्ल्यात टिकून राहिली. संरक्षण झाले ते दुरुस्तीमुळे. त्यासाठी नव्या आवृत्तीची गरज पडली नाही. इतकेच नव्हे, तर ज्या विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला होता, तिच्यासाठीही या संकटात सर्वांना मोफत दुरुस्ती देण्यात आली. जुन्या प्रणालीची डागडुजी अशक्य असते, हा समज त्या दिवशी खोटा ठरला.

आता सक्तीची बाजू पाहू. विंडोज १० ही २९ जुलै २०१५ रोजी आली आणि विंडोज ७ व ८.१ वापरणाऱ्यांना ती वर्षभर मोफत देऊ केली गेली. देणगी म्हणून हे उत्तमच होते. परंतु २०१६च्या फेब्रुवारीपासून तिची गणना शिफारस केलेल्या दुरुस्त्यांमध्ये होऊ लागली, आणि पुढे तर सूचनेची चौकट कोपऱ्यातील फुलीवर टिचकी मारून बंद केली, तरी ठरलेल्या वेळी बदल होण्यास ती संमतीच मानली गेली. ज्या फुलीचा अर्थ इतकी वर्षे ‘नको’ असा होता, तिचा अर्थ ‘हो’ झाला. आपण मर्यादा ओलांडली, हे कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याच वर्षाच्या अखेरीस मान्य केले. याचे दुष्परिणाम दूरवर जातात. एकदा फसलेला माणूस पुढे खऱ्या दुरुस्तीलाही दार बंद करतो.

याच विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि ठरावीक यादीतील प्रोसेसर लागतो. साधारण २०१७पूर्वीचे बहुतेक संगणक त्या यादीत बसत नाहीत. अशा संगणकाच्या मालकाला नवी आवृत्ती हवी असली, तरी नवे यंत्रच घ्यावे लागते. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने आणखी एक वर्ष सुरक्षा-दुरुस्त्या देण्याची योजना जाहीर केली आणि तिची एक किंमत ३० डॉलर ठेवली. याचा अर्थ दुरुस्ती तयार होत होती. ती कोणाला, किती काळ आणि कोणत्या अटीवर द्यायची, एवढाच प्रश्न होता.

उत्पादकांचीही बाजू आहे. दहा आवृत्त्या चालू ठेवल्या, तर प्रत्येक दुरुस्ती दहा ठिकाणी पारखावी लागते. शिवाय नव्याचे ऋण आपण मराठी माणसांनी तरी विसरू नये. युनिकोडमधील देवनागरीला मुळापासून आधार देणारी पहिली विंडोज म्हणजे विंडोज २०००. त्याआधी जुन्या फाँटांच्या आज्ञावलींत ‘क’ हे अक्षर ‘क’ म्हणून साठवले जात नसे. एखाद्या रोमन चिन्हाच्या क्रमांकावर त्याचे चित्र बसवलेले असे. महाराष्ट्राबाहेरच्या अनेक मराठी संस्थांच्या स्मरणिका आणि इतिवृत्ते अशाच पद्धतीने जुळवली गेली आहेत. नवी प्रणाली आली की ती जुनी आज्ञावली किंवा तिचे संगणकामागे लावायचे कुलूप चालेनासे होते आणि फाइल उघडली तर रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो. नव्या आवृत्तीने आपल्याला लिपी दिली, हे खरे. सक्तीच्या तारखेमुळे जुने लेखन हातचे जाऊ शकते, हेही तितकेच खरे.

मग आपण मागावे काय? दुरुस्ती आणि नवी आवृत्ती यांची गाठोडी वेगळी असावीत. नकाराचा अर्थ नकारच राहावा. यंत्र विकतानाच, त्याला किती वर्षे दुरुस्त्या मिळतील, हे खोक्यावर छापावे. या मागण्या अवास्तव नाहीत. इटलीच्या स्पर्धा-प्राधिकरणाने २०१८मध्ये, फोन मंदावणाऱ्या नव्या आवृत्त्या ग्राहकांच्या गळी उतरवल्याबद्दल, अॅपलला १ कोटी व सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड केला.

आपल्याकडूनही दोन गोष्टी व्हाव्यात. दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवाव्यात. आणि जुन्या फाँटांतील लेखन, तो वाचणारा संगणक चालू आहे तोवरच, युनिकोडमध्ये उतरवून त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवावी. कालबाह्य ठरलेल्या संगणकावर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवूनही पुष्कळ वर्षे काम घेता येते. यंत्र विकणाऱ्याची तारीख त्याच्या सोयीने ठरते. आपल्या संस्थांच्या दप्तराचे आयुष्य तिच्यावर सोपवू नये, इतकीच माझी विनंती आहे.