पुन्हा पुन्हा जागा होणारा संगणक

बेंगळूरची इंदिरानगर ही वसाहत आज शंभर फुटी रस्त्यावरील दुकानांसाठी आणि उपाहारगृहांसाठी ओळखली जाते. २०११ च्या ऑक्टोबरात त्या शहरातील पहिली मेट्रो धावली तीही याच वस्तीवरून. परंतु हमरस्ता सोडून आतल्या गल्लीत वळले, की दारापुढे झाड, अंगणाखाली पाण्याचा हौद आणि गच्चीवर टाकी असलेली जुनी दुमजली घरे अजूनही दृष्टीस पडतात. अशाच एका घरी, मुलाच्या नोकरीनिमित्त पुण्याहून येऊन स्थायिक झालेली एक सेवानिवृत्त शिक्षिका कल्पावी. उतारवयात त्या कानडी शिकल्या आहेत आणि एका कथासंग्रहाचे मराठी भाषांतर करीत आहेत. प्रकाशकाला दिलेली मुदत जवळ आली आहे आणि नेमक्या याच वेळी त्यांच्या टेबलावरील संगणकाने एक विचित्र खोड आरंभिली आहे. वाक्य अर्धे लिहून झालेले असते, पडदा एकाएकी काळा होतो आणि क्षणभरात यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अर्धे वाक्य गेले ते गेलेच. कधी कधी अख्खे पानही जाते.

घरात तीन निदाने तत्काळ पुढे येतात. नातू म्हणतो, "आजी, व्हायरस आहे." शेजारचे गृहस्थ उकाड्याला दोष देतात. दुकानदार दूरध्वनीवरच सांगतो, की यंत्र जुने झाले, आता नवे घ्या. तिन्ही निदाने शक्य कोटीतील आहेत. उणीव एवढीच, की तिघांपैकी एकानेही यंत्राची नाडी पाहिलेली नाही.

संगणक आपण होऊन पुन्हा सुरू होतो, तेव्हा तो बहुधा स्वतःचा बचाव करीत असतो. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज त्याच्या पोटातील पॉवर सप्लाय नावाच्या पेटीत शिरते व तेथून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा सौम्य रूपांत बाहेर पडते. वीज ठीक आहे, असा निरोप ही पेटी मदरबोर्डाला अखंड देत असते. तो निरोप निमिषमात्र थांबला, तरी चुकीचे गणित करण्यापेक्षा सारे सोडून पहिल्यापासून आरंभ करणे मदरबोर्ड पसंत करतो. आपल्याकडील विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते आणि वीज तुटल्यावर पॉवर सप्लाय स्वतःच्या साठ्यावर साधारण तेवढाच काळ तग धरतो. दिव्याची ज्योत नुसती लवली, एवढेच माणसाला जाणवते. संगणकाच्या दृष्टीने मात्र तेवढ्यात प्रलय होऊन गेलेला असतो.

विजेखेरीज आणखी तीन कारणे संभवतात. पहिले उष्णतेचे. प्रोसेसरचे तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, की यंत्र स्वतःला बंद करते. बेंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने तेथे हवेपेक्षा पंख्यात साचलेल्या धुळीचाच अपराध अधिक असतो. दुसरे कारण रॅम, म्हणजे यंत्राची तात्पुरती स्मृती. तिची पट्टी सैल वा सदोष असेल, तर बिघाडाला काळवेळ राहत नाही. तिसरे कारण आज्ञावलीतील दोषाचे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलीमुळे जगातील सुमारे ८५ लाख संगणक कोसळले. त्यांतील असंख्य यंत्रे सुरू होत, कोसळत आणि पुन्हा सुरू होत राहिली. विमानतळांवर हाताने लिहिलेले प्रवेशपत्र घेऊन प्रवासी विमानात चढले, ते याच दिवशी.

कारणे अशी अनेक असल्याने तपासाला क्रम हवा. प्रथम लिखाणाची प्रत दुसऱ्या ठिकाणी काढून ठेवावी. यंत्र विकत मिळते, गेलेले भाषांतर मिळत नाही. त्यानंतर एक साधी वही घ्यावी आणि प्रत्येक वेळी किती वाजले, कोणते काम चालू होते आणि घरात त्या क्षणी दुसरे काय सुरू झाले, हे टिपावे. काम जड असतानाच यंत्र बंद पडत असेल आणि लगेच सुरू केल्यास अधिकच लवकर बंद पडत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. विंडोजमध्ये बिघाड होताच आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय मुळातच चालू असते. ती बंद केली, की निळ्या पडद्यावरील संदेश वाचण्यापुरता तरी टिकतो. यंत्राच्या नोंदवहीत ४१ क्रमांकाची नोंद आढळते, तिने मात्र फसू नये. यंत्र रीतसर बंद झाले नाही, एवढेच ती सांगते. का झाले नाही, हे सांगत नाही. रॅमच्या दोन पट्ट्या असल्यास एकेक काढून पाहावी. पॉवर सप्लाय बदलून पाहण्यास हरकत नाही, परंतु त्याची पेटी घरी उघडू नये. तार काढल्यावरही आतील कपॅसिटरांत घातक भार शिल्लक राहू शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की एका वेळी एकच बदल करावा. चार बदल एकदम केले, तर रोग बरा होऊनही औषध कोणते लागू पडले, ते कळत नाही.

आपल्या शिक्षिकाबाईंच्या वहीत सहा दिवसांच्या नोंदी झाल्या, तेव्हा त्यांतून एक सूत्र दिसू लागले. बहुतेक वेळा सकाळचे सव्वासात किंवा सायंकाळचे सहा वाजलेले होते. हौदातील पाणी गच्चीवरच्या टाकीत चढविणारा पंप त्याच वेळी सुरू होत असे. मोटर सुरू होताना कित्येक पटींनी अधिक प्रवाह ओढते आणि घरातील दाब क्षणभर खाली येतो. पण यावर उपाय म्हणूनच तर संगणकाला यूपीएस जोडलेला होता! बाईंनी यूपीएस बाजूस सारून संगणक दोन दिवस थेट भिंतीतील विजेवर चालविला. पंप चारदा सुरू झाला; दिवा मंदावला, संगणक ढिम्म हलला नाही.

उलगडा झाला. दाब उतरताच यूपीएस आपल्या बॅटरीकडे वळे आणि चार वर्षांची ती बॅटरी केव्हाच निकामी झालेली होती. भिंतीची वीज त्याने सोडलेली, बॅटरीची मिळेना, अशा संधिकाली संगणक कोसळे. पॉवर सप्लायला सहज सोसणारा तो क्षुल्लक धक्का रखवालदाराच्याच हातून प्राणघातक होत होता. शिसे व आम्लाची ही बंदिस्त बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांतच क्षीण होते, तरी वरचा हिरवा दिवा लुकलुकत राहतो आणि विश्वास कायम ठेवतो.

सदर पत्रप्पा रस्त्यावरील बाजारातून १२ व्होल्टची नवी बॅटरी आली. नव्या संगणकाच्या किमतीच्या मानाने तो खर्च किरकोळ होता. उकाडा, व्हायरस आणि यंत्राचे वय हे तिघेही आरोपी निर्दोष सुटले. बाईंनी वहीच्या शेवटच्या पानावर बॅटरी बसविल्याची तारीख लिहिली, दोन वर्षांनंतरची दुसरी एक तारीख तिच्याखाली मांडली आणि अर्धवट राहिलेले वाक्य पुढे लिहावयास घेतले.