गादीवाफ्याला लाकूड कोणते?

कुंडीतली मेथी-कोथिंबीर जमू लागली, की शहरातील हौशी बागकामाची पुढची पायरी म्हणजे अंगणातला किंवा गच्चीवरचा गादीवाफा. फळ्यांची फूटभर उंच चौकट ठोकायची आणि तीत माती व कंपोस्ट भरायचे. चौकट कोणत्या लाकडाची, हा निर्णय मात्र बहुधा सुतारावर किंवा जुन्या लाकडाच्या बाजारावर सोपवला जातो. ओल्या मातीला सतत टेकलेले लाकूड बुरशीला आणि वाळवीला आयतेच सापडते. ते टिकावे म्हणून त्यात जे मुरवलेले असते, ते पुढे भाजीच्या मातीत उतरू शकते.

अशा औषधांपैकी सर्वाधिक गाजलेले औषध भारतातच जन्मले. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशन यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या संयुगांचे मिश्रण शोधून काढले. 'सीसीए' या नावाने ते जगभर खांबांना आणि कुंपणांना वापरले गेले. त्यातील आर्सेनिक आसपासच्या मातीत झिरपते, हे लक्षात आल्यावर अमेरिकेतील उत्पादकांनी २००३ च्या अखेरीस घरगुती उपयोगासाठी असे लाकूड तयार करणे थांबवले. भाजीच्या मुळांवाटे आत जाणारे आर्सेनिक सहसा थोडे असते. मुळ्याला, पालकाला चिकटलेली माती आणि त्या मातीत खेळणारे मुलांचे हात ही खरी चिंता. म्हणून हिरवट झाक असलेले, पूर्वेतिहास ठाऊक नसलेले लाकूड घेऊ नये आणि जाळूही नये. आर्सेनिक राखेत उरते.

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर दिसायला भारदस्त असतात. परंतु त्यांत बहुधा क्रिओसोट, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेले तेल, मुरवलेले असते. त्यातील काही घटक कर्करोगकारक आहेत. कुंपणाच्या डांबांना जळके ऑइल फासण्याची आपल्याकडची पद्धतही भाजीच्या वाफ्यात नको.

मुंबई-पुण्यात पाडलेल्या चाळी-वाड्यांचे सागवान हा त्या मानाने उत्तम पर्याय. अट एकच, ते रंगवलेले नसावे. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे भरपूर असू शकते. दारे-खिडक्यांचा जुना रंग घासून काढला, तर ते धुळीतून घरभर पसरते. त्यापेक्षा तुळया आणि वासे पाहावेत.

सागवान म्हटले की प्रश्न मिटला, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. वाळवीला दूर ठेवणारी द्रव्ये झाडाच्या गाभ्याच्या गडद लाकडात असतात. सालीलगतचे फिकट लाकूड सागाचे असले तरी वाळवी ते सोडत नाही. कोवळ्या लागवडीच्या सागात असा फिकट भाग जास्त असतो, आणि स्वस्त सागवानाच्या स्वस्ताईचे कारण बरेचदा हेच. कोकणात घरांसाठी वापरात असलेले ऐन, किंजळ आणि फणस यांचे, तसेच बाभळीचे गाभ्याचे लाकूडही चालते. आंब्याच्या फळ्या मात्र मातीत फार काळ तग धरत नाहीत.

पॅकिंगच्या खोक्यांचे पाइन स्वस्त असते, पण दोन-तीन पावसाळ्यांचेच सोबती. परदेशातून आलेल्या खोक्यांवर गव्हाच्या ओंबीच्या चिन्हाशेजारी 'एचटी' ही रोमन अक्षरे असतील, तर ते लाकूड केवळ उष्णता देऊन निर्जंतुक केलेले असते. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी. ते टाळलेलेच बरे. तेलकट डाग असलेली फळी, शिक्का कोणताही असो, घेऊ नये.

फळी दीड ते दोन इंच जाड असावी, स्क्रू गंज न धरणारे असावेत आणि चौकट विटांवर उचललेली असावी, म्हणजे खालून हवा खेळते. संरक्षण हवेच असेल तर कच्चे जवसाचे तेल पुरे. बाजारातल्या 'बॉइल्ड' तेलात धातूंची संयुगे मिसळलेली असू शकतात. गच्चीवर मांडण्यापूर्वी आणखी एक हिशेब करावा. ४ फूट लांब, ३ फूट रुंद आणि १ फूट खोल वाफ्यातील ओल्या मातीचे वजन पाचशे किलोंच्या पुढे जाते, तेव्हा जुन्या इमारतीत सुताराआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलावणे इष्ट.