‘जेपर्डाइज’ म्हणजे गमावणे नव्हे

शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर येत नाही, फी थकते आणि प्रवेश टिकवण्यासाठी महाविद्यालयाला इंग्रजीत अर्ज करावा लागतो. आपल्यापैकी अनेकांवर ही वेळ आलेली आहे. अशा अर्जात ‘जेपर्डाइज’ हे क्रियापद उपयोगी पडते. त्याचा अर्थ धोक्यात आणणे. स्पेलिंगमध्ये ‘ई’नंतर ‘ओ’ येतो, पण त्याचा उच्चार होत नाही.

शब्दाचे मूळ जुन्या फ्रेंच भाषेत आहे. समसमान वाटला गेलेला डाव, म्हणजे हार-जीत अजून ठरलेली नाही, असा त्याचा मूळ अर्थ. बुद्धिबळातील कूटप्रश्नांनाही पूर्वी हाच शब्द लावीत. डाव संपलेला नाही, हा भाव शब्दात आजही टिकून आहे. त्यामुळे जे हातचे गेले, त्याला तो लावू नये. ‘द डिले मे जेपर्डाइज माय अॅडमिशन’ असे लिहिले की, प्रवेश अजून शाबूत आहे व तो वाचवता येईल, हे वाचणाऱ्याला कळते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात याच शब्दाचे नाम, ‘जेपर्डी’, आले आहे. पक्षांनी देशापेक्षा आपला पंथ मोठा मानला, तर स्वातंत्र्य दुसऱ्यांदा धोक्यात येईल आणि बहुधा कायमचे जाईल, असा इशारा त्यांनी दिला. धोक्यात येणे व जाणे या दोन पायऱ्या त्यांनी वेगळ्या ठेवल्या, हे ध्यानात घ्यावे. सामाजिक व आर्थिक समता नाकारत राहिल्यास राजकीय लोकशाहीवर येणाऱ्या संकटासाठी त्याच भाषणात त्यांनी ‘पेरिल’ हा शब्द योजला आहे.

आता नेहमीची चूक. मराठीत आपण ‘भवितव्याला धोका’ म्हणतो, म्हणून आपली मुले ‘जेपर्डाइज टू माय फ्युचर’ लिहितात. तेथे ‘टू’ नको. ‘रिस्क’ची गोष्ट निराळी. त्याच्यापुढे धोक्यातली वस्तूही येते आणि संभाव्य नुकसानही. ‘आय रिस्क लूझिंग माय सीट’ चालते. ‘जेपर्डाइज’पुढे मात्र वस्तूच हवी : प्रवेश, नोकरी, आरोग्य.

वाक्याचा कर्ता ‘डिले’ ठेवावा. ‘यू’ लिहिले की अर्जाची तक्रार होते. तक्रारच करायची असेल तर गोष्ट वेगळी.