गारवा देणाऱ्या यंत्राचे काळीज



गावचा मुलगा पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात लागतो, संत तुकाराम नगरसारख्या वस्तीत बिऱ्हाड करतो आणि पुढेमागे घरात एअर कंडिशनर येतो. भेटीला गेलेले वडील विचारतात, “हे यंत्र थंडी आणते तरी कुठून?”

थंडी कुठून आणावी लागत नाही. खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकावी लागते. पंप जसा विहिरीचे पाणी चढावर नेतो, तशी गार खोलीतली उष्णता तापलेल्या अंगणात नेण्याचे काम कॉम्प्रेसर करतो. तो बाहेरच्या पेटीत असतो.

सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो, कारण दाबलेली हवा तापते. कॉम्प्रेसर आतला वायू असाच दाबतो. तापलेला वायू बाहेरच्या नळ्यांत उष्णता सोडतो आणि त्याचा द्रव होतो. हा द्रव बारीक वाटेने पुढे गेला की दाब उतरतो व तो गार पडतो. मग खोलीतल्या नळ्यांत उष्णता शोषून त्याची वाफ होते आणि ती कॉम्प्रेसरकडे परतते. झिरपलेल्या पाण्याची वाफ होताना माठ गार होतो, त्यातलाच हा प्रकार.

डेअरीतली शीतटाकी याच तत्त्वावर दूध 4 अंशांवर आणते. शीतगृहांना लागणारे मोठे कॉम्प्रेसर बनवणारी किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी पुण्यातच 1958 मध्ये स्थापन झाली.

आता खर्चाची गोष्ट. ‘दर उन्हाळ्यात गॅस भरावाच लागतो’ हा समज चुकीचा आहे. गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला तर कुठेतरी गळती आहे. गळती न बुजवता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. शिवाय परतणारा गार वायूच कॉम्प्रेसरची मोटर गार ठेवतो. तो कमी पडला की मोटर तापून जळते आणि मोठा खर्च अंगावर येतो.

म्हणून एवढे पाळा :

1. गॅस भरण्याआधी गळती शोधून बुजवून घ्या. काही गॅस पेट घेणारे असतात. काम चालू असता काडी ओढू नका.
2. विजेचा दाब कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझर बसवा. अर्थिंग तपासून घ्या.
3. यंत्र बंद केल्यावर तीन मिनिटे थांबून मगच चालू करा.
4. जाळी दर पंधरवड्याला धुवा. बाहेरच्या पेटीपुढे अडगळ ठेवू नका.
5. तापमान 24 अंशांवर ठेवा. बिल आटोक्यात राहील.

बैलाला चारा-पाणी वेळेवर मिळाले तर तो वर्षानुवर्षे साथ देतो. यंत्राचेही तसेच आहे.