स्वतंत्र वित्तीय सल्लागार व्यवसायाची पूर्वतयारी : नोंदणी, शुल्क आणि ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ

वाणिज्य शाखेच्या पदवीधरांना सुचविल्या जाणाऱ्या स्वयंरोजगारांत वित्तीय सल्ल्याचा उल्लेख अलीकडे वारंवार होतो. तथापि ‘सल्लागार’ या शब्दाचा व्यवहारातील आणि कायद्यातील अर्थ एक नाही. म्युच्युअल फंड वा विमा विकणारी व्यक्ती व्यवहारात सल्लागारच म्हणवली जाते. परंतु तिचा मोबदला योजना चालविणारी कंपनी देते. ज्याचा मोबदला केवळ ग्राहक देतो, तोच खऱ्या अर्थाने स्वतंत्र होय.

हा भेद भारतात टप्प्याटप्प्याने रूढ झाला. १ ऑगस्ट २००९ पासून ‘सेबी’ने म्युच्युअल फंडावरील प्रवेशभार रद्द केला. १ जानेवारी २०१३ पासून वितरकाच्या दलालीचा खर्च नसलेल्या ‘डायरेक्ट’ योजना उपलब्ध झाल्या. या योजना नसत्या तर सल्लागाराला शुल्क देणाऱ्या ग्राहकास दलालीचाही भार सोसावा लागला असता. शुल्काधारित व्यवसायाचा खरा पाया येथे आहे. त्याच वर्षी गुंतवणूक सल्लागार विनियम अमलात आले. २०२० च्या दुरुस्तीने एकाच ग्राहकास सल्ला आणि वितरण या दोन्ही सेवा देण्यास मनाई केली, तसेच वितरकांना ‘स्वतंत्र वित्तीय सल्लागार’ हे बिरुद लावण्यास प्रतिबंध केला.

नोंदणीसाठी पदवी आणि ‘एनआयएसएम’च्या दहा-अ व दहा-ब या परीक्षा आवश्यक आहेत. डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने अनुभवाची अट काढली व निव्वळ मालमत्तेच्या अटीऐवजी ग्राहकसंख्येनुसार ठेव आणली. १५० ग्राहकांपर्यंत ती १ लाख रुपये आहे. अन्य व्यवसाय सांभाळून ७५ ग्राहकांपर्यंत अंशकालीन सल्लागार होण्याची मुभाही मिळाली. (अनुदानित महाविद्यालयातील शिक्षकाने मात्र त्याआधी आपले सेवानियम वाचणे हिताचे.)

नोंदणीपेक्षा कठीण प्रश्न उत्पन्नाचा आहे. एका कुटुंबाकडून वर्षाला १२,००० रुपये शुल्क गृहीत धरल्यास ४० कुटुंबांकडून ४,८०,००० रुपये मिळतात. त्यातून कार्यालय, संगणकप्रणाली, वार्षिक लेखापरीक्षण व नोंदणीशुल्क वजा जाता उरते ते मध्यम शहरातील साधारण उत्पन्न. शिवाय ४० कुटुंबे पहिल्याच वर्षी जमत नाहीत. त्यामुळे किमान दोन वर्षांच्या घरखर्चाची तरतूद करूनच नोकरी सोडावी. ‘सेबी’ने ठरवलेली प्रतिकुटुंब १,५१,००० रुपये वार्षिक स्थिर शुल्काची कमाल मर्यादा नवोदिताला क्वचितच अडचणीची ठरते.

खरी अडचण ग्राहकाच्या मनात आहे. २० लाख रुपयांच्या गुंतवणुकीवर वितरकाला वार्षिक पाऊण टक्का दलाली मिळते असे मानले, तर ग्राहकाच्या परताव्यातून दरवर्षी १५,००० रुपये जातात. ते न दिसल्यामुळे त्याला खुपत नाहीत. १२,००० रुपयांचा धनादेश मात्र लिहवत नाही. म्हणून पहिल्या भेटीतच हा हिशोब ग्राहकाच्या स्वतःच्या आकड्यांवर मांडून दाखवण्याची तयारी हवी. १ नोव्हेंबर २००५ नंतर नियुक्त झालेल्या, अंशदायी निवृत्तिवेतनाचे खाते असलेल्या शिक्षकांना असा हिशोब सहज पटावा, कारण आपल्या निवृत्तीची रक्कम बाजाराशी जोडलेली आहे हे त्यांना ठाऊक आहे.

दैनंदिन कामात ग्राहकाची जोखीमक्षमता तपासणे, लेखी करार करणे, सल्ला का योग्य आहे त्याची कारणे नोंदवणे आणि ही दप्तरे पाच वर्षे जपणे बंधनकारक आहे. नवोदित याकडे कारकुनी म्हणून पाहतात. परंतु बाजार कोसळल्यावर सल्लागाराच्या बाजूने बोलणारा पुरावा हाच असतो.

आधीपासून वितरक असलेल्यांची पूर्वतयारी निराळी व अधिक क्लेशदायक आहे. वर्षानुवर्षे जोडलेल्या प्रत्येक कुटुंबाबाबत त्यांना ठरवावे लागते की, ते सल्ल्याचे ग्राहक की वितरणाचे. पहिला पर्याय निवडताच त्या कुटुंबाकडून मिळणारी चालू दलाली थांबते, आणि तेच कुटुंब शुल्क देईल याची हमी नसते. एवढी यादी हाती घेऊन, प्रत्येक नावापुढे गमावली जाणारी दलाली लिहून पाहिल्याशिवाय नोंदणीचा अर्ज भरू नये.