शोधत शिकताना (लेखांक ६) : आधी शिक्षकांनी चालून पाहावे

मुले स्वतः प्रश्न विचारतात, पुरावा जमवतात आणि त्यावरून निष्कर्ष काढतात अशा विज्ञानाच्या वर्गात शिक्षकांचे काम कसे वाढते, ते गेल्या आठवड्यात पाहिले. अशा वर्गात संगणक किंवा मोबाइल आला, तर तो वापरायला शिक्षक कसे शिकतात?

कोणते बटण कुठे आहे हे सांगणाऱ्या प्रशिक्षणातून तर नक्कीच नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट टिंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाला संवेदक जोडून शाळेत मोजमापे घेण्याची पद्धत रुजवली. त्यातला गतीचा संवेदक मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो आपल्याला ऐकू न येणारे ध्वनितरंग सोडतो, समोरच्या माणसावर आदळून ते परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो, आणि आलेख तिथल्या तिथे पडद्यावर उमटतो.

प्रशिक्षणात शिक्षकांना अंतर-काळाचा एक तयार आलेख दाखवतात. रेघ आधी चढती, मग आडवी, मग उतरती. आपल्या चालण्याने तो हुबेहूब जुळवायचा; पण पाऊल टाकण्याआधी आपण कसे चालणार ते वहीत लिहायचे. हे लिहिणे टाळू नये, सगळी गंमत त्यातच आहे. आलेखाला रस्त्याचे चित्र समजणारा माणूस आडव्या रेघेला ‘सपाट रस्ता’ मानून चालतच राहतो. पडद्यावर मात्र रेघ वर चढत जाते आणि त्याची पावले थबकतात. उतरती रेघ म्हणजे संवेदकाकडे परत येणे, हे मग कुणी समजावून द्यावे लागत नाही. विद्यार्थ्यांचा गोंधळ नेमका कुठे होतो, हे शिक्षकांना इथे स्वतःच्या पायांनी कळते.

यात वेळेला फार महत्त्व आहे. हेदर ब्रॅझेल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांना आलेख लगेच दिसला, तर काहींना २०-३० सेकंदांनी. एवढ्याशा उशिरानेही शिकण्यातला बराचसा फायदा गेला. म्हणून ‘आधी चाला, आलेख नंतर पाहू’ असे म्हणणारा शिक्षक यंत्र वापरतो खरा, पण त्याचे बळ वाया घालवतो.

कोलोराडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या संगणकावरच्या प्रतिरूपांचेही असेच आहे. ती मोफत आहेत, मराठीतही मिळतात. बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे अमीटर लावला तर पलीकडे विद्युतधारा कमी भरेल का? आधी उत्तर लिहून घ्या, मग जोडणी करू द्या. दोन्हीकडे आकडा सारखाच येतो. त्यानंतर खरा सेल आणि खरा बल्ब हातात द्यायलाच हवा, कारण पडद्यावरचा सेल कधी उतरत नाही.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे : पुढच्या प्रशिक्षणात ओळखपरेड आणि भाषणे आवरती घ्या, अर्धा दिवस एकाच प्रयोगाला द्या आणि शिक्षकांना विद्यार्थी होऊ द्या. महागडे संवेदक नसले तरी अडत नाही. जर्मनीतल्या आखेन इथल्या विद्यापीठाने बनवलेले ‘फायफॉक्स’ हे मोफत अॅप फोनमध्ये घ्या. त्यातले आवाजावर चालणारे स्टॉपवॉच दोन फोनांवर लावा आणि फोन ५ मीटर अंतरावर ठेवा. आधी एका फोनजवळ टाळी वाजवा, मग दुसऱ्याजवळ. दोन्ही घड्याळांतला फरक सेकंदाच्या सुमारे तीन शतांश भागाइतका येईल. ५ मीटरचा उशीर त्यात दोनदा धरला जातो, म्हणून १० मीटरला त्याने भागा, आणि आलेला ध्वनीचा वेग पाठ्यपुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहा.