डेट्रॉइट ते कुर्ला, व्हाया सोलापूर : क्रायस्लरची गोष्ट

या भागाचं हे लिखित रूप. एसटीत रेंज जाते, एपिसोड अर्ध्यात तुटतो, अशी तक्रार तुमच्यापैकी बऱ्याच जणांची असते. त्यांच्यासाठी खास. बोलताना सुटलेले एकदोन मुद्दे इथे भरलेत, बाकी बोलणं होतं तसंच ठेवलंय.

सोलापुरात रिक्षात बसून नुसतं ‘वालचंद’ म्हणा. रिक्षावाला पुढे काही विचारत नाही, सरळ अशोक चौकाकडे वळवतो. आपल्यातले कितीतरी जण तिथल्या कॉलेजात शिकले. पण वालचंद म्हणजे नक्की कोण, असं विचारलं की आपण ‘मोठे उद्योगपती होते’ एवढं सांगून गप्प बसतो. आज मी तुम्हाला अमेरिकेतल्या एका मोठ्या मोटार कंपनीचा इतिहास सांगणार आहे. आणि त्या इतिहासाचा एक फाटा थेट आपल्या सोलापुरात जन्मलेल्या माणसापर्यंत येतो.

ऐकताना, म्हणजे वाचताना, तीन शब्द लक्षात ठेवा. गाडी विकणं, गाडी जोडणं आणि गाडी बनवणं. तिन्ही वेगळी कामं आहेत. सगळी गोष्ट या तीन शब्दांतच आहे.

झाडू मारणारा पोरगा

वॉल्टर क्रायस्लर 1875 साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात जन्मला. वडील रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. पोरगा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये झाडू मारण्यापासून सुरू झाला आणि तिथेच मशिनिस्टचं काम शिकला. इंजिन बिघडलं की ते खोलायचं, दुरुस्त करायचं, परत जोडायचं. हीच त्याची शाळा.

1908 साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात त्याला लोकोमोबाइल नावाची गाडी दिसली. किंमत 5,000 डॉलर. याच्याकडे होते 700. बाकीचे 4,300 त्याने कर्ज काढून उभे केले. आता तुम्हाला वाटेल, घरी आणल्यावर बायकोला घेऊन पहिली चक्कर मारली असेल. नाही! त्याने गाडी शेडमध्ये लावली आणि पूर्ण खोलली. एकेक भाग जमिनीवर मांडला, बघितला, परत जोडला. परत खोलली. असं बरेच दिवस चाललं. गाडी चालवायला तो नंतर शिकला.

पुढे तो ब्यूक कंपनीत आला, तोही निम्म्या पगारावर. ब्यूक म्हणजे जनरल मोटर्सची कंपनी. तिथे तो सर्वांत वरच्या पदापर्यंत गेला, मग मालकाशी पटेना म्हणून बाहेर पडला. नंतर मॅक्सवेल नावाची बुडत चाललेली कंपनी त्याच्या हाती आली. तिथूनच 1924 साली पहिली ‘क्रायस्लर’ गाडी निघाली. ताकदीचं इंजिन, चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक, आणि किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्यात. 6 जून 1925 रोजी क्रायस्लर कॉर्पोरेशन उभी राहिली.

पण क्रायस्लरला एक गोष्ट डाचत होती. स्वतःचे मोठे कारखाने नाहीत, ओतकामाची सोय पुरेशी नाही. बरेचसे भाग बाहेरून घ्यायचे आणि जोडायचे. म्हणून 1928 साली त्याने डॉज ही आपल्यापेक्षा जुनी आणि मोठे कारखाने असलेली कंपनीच विकत घेतली. त्याच वर्षी स्वस्तातली प्लिमथ आणि मधल्या किमतीची डिसोटो बाजारात आणली. तीन वर्षांत ही कंपनी फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या शेजारी जाऊन बसली. जोडणाऱ्याचा बनवणारा झाला की काय होतं, ते इथे दिसतं.

सोलापूरचा ठेकेदार

आता इकडे या. वालचंद हिराचंद दोशी, जन्म 1882, सोलापूर. मूळचं गुजराती जैन घराणं. घरात कापसाचा व्यापार आणि सावकारी. या मुलाला गादीवर बसून व्याज मोजण्यात रस नव्हता. त्याने लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागीदारीत रेल्वेचे ठेके घ्यायला सुरुवात केली. सुरुवातीचं काम कुठलं, माहितीये? बार्शी लाइट रेल्वेचं! आपल्या आजोबा-पणजोबांनी जिच्यातून प्रवास केला, ती अरुंद रुळांची गाडी.

म्हणजे बघा, कॅन्ससचा वॉल्टर आणि सोलापूरचे वालचंद, दोघांचंही शिक्षण रेल्वेच्या कामात झालं. एक इंजिनाखाली शिकला, दुसरे रुळाशेजारी.

1919 साली वालचंदांनी भागीदारांबरोबर ‘लॉयल्टी’ नावाचं जहाज घेतलं आणि सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी काढली. 5 एप्रिलला ते जहाज मुंबईहून लंडनला निघालं. आजही 5 एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन आहे. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी दर पाडून त्यांना बुडवायचा पुरेपूर प्रयत्न केला. तिथून वालचंदांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली असावी, असं मला वाटतं : जहाज चालवलं तरी जहाज बांधणारा परका असेल, तर आपण त्याच्याच दारात उभे.

मोटार बनवू का? नको!

तेव्हा भारतात मोटारी नव्हत्या असं नाही. फोर्डने इथे 1926 साली आपली कंपनी काढली, जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत जोडणी सुरू केली. परदेशातून खोक्यांत भरून सुटे भाग यायचे, इथे नट-बोल्ट आवळले जायचे आणि गाडी तयार. रोजगार मिळायचा, पण ज्ञान खोक्यातच राहायचं.

भारतात मोटार बनवायचा कारखाना हवा, ही योजना सर विश्वेश्वरय्यांनी 1930 च्या दशकात मांडली होती. ती उचलून धरली वालचंदांनी. 1939 साली ते अमेरिकेला गेले. फोर्डकडे जमलं नाही, कारण फोर्डचा भारतातला धंदा कॅनडाच्या शाखेकडे होता. क्रायस्लरशी मात्र बोलणी पुढे सरकली.

परतीचा प्रवास पॅसिफिकवरून, क्लिपर विमानाने. त्याच विमानात विल्यम पॉली नावाचा विमान-व्यावसायिक होता. गप्पा सुरू झाल्या आणि त्यातून भारतात विमान कारखाना काढायची कल्पना निघाली. डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू झाली. आजची एचएएल ती हीच. मोटारीसाठी गेले आणि येताना विमान घेऊन आले, असा माणूस!

पण मोटारीचं घोडं अडलं. दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. सरकारला ट्रक हवे होते, पण ते भारतात बनावेत असं वाटत नव्हतं. युद्धासाठी आवश्यक उद्योग म्हणून मान्यता द्या, ही मागणी नाकारली गेली. यंत्रसामग्री आणायची तर सरकारची परवानगी लागायची, त्यामुळे गाडं तिथेच थांबलं.

कुर्ल्याचा कारखाना

शेवटी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन झाली. कारखाना मुंबईत, कुर्ल्याला. 1947 साली तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या मोटारी, डॉज आणि फारगो हे ट्रक. घरातल्या एखाद्या जुन्या ड्रायव्हर आजोबांना ‘फारगो’ म्हणून बघा, डोळे चमकतील.

खरं सांगायचं तर सुरुवातीला कुर्ल्यातही जोडणीच होती. फरक होता तो उद्देशात. एकेक भाग इथे बनवायचा आणि खोकं हळूहळू रिकामं करायचं, असा बेत होता. 1953 साली टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारनेही हेच धोरण घेतलं : ज्यांच्याकडे इथे टप्प्याटप्प्याने उत्पादन करायची योजना आहे, त्यांनीच राहायचं. फोर्ड आणि जनरल मोटर्सने इथली जोडणी बंद केली. प्रीमियर राहिली.

वालचंद हे बघायला होते, पण थोडेच दिवस. 1949 साली त्यांना पक्षाघात झाला आणि 1953 साली ते गेले.

क्रायस्लरकडून फियाटकडे

अमेरिकन गाड्या भल्यामोठ्या, पेट्रोल पिणाऱ्या. आपल्या खिशाला आणि गल्लीला न मानवणाऱ्या. म्हणून प्रीमियरने 1950 च्या दशकात इटलीच्या फियाटचा हात धरला. 1954 पासून फियाट 1100 आली. 1964 साली तिचं ‘डिलाइट’ हे रूप आलं आणि 1970 च्या दशकात तिचंच नाव झालं प्रीमियर पद्मिनी. होय, मुंबईची ती काळीपिवळी. गिअर स्टिअरिंगच्या शेजारी, 1,089 सीसीचं इंजिन.

आता थोडं कडू बोलतो. पद्मिनीचे जवळजवळ सगळे भाग भारतात बनायला लागले, म्हणजे ‘बनवणं’ जमलं. पण 1964 ची गाडी साधारण 2000 सालापर्यंत त्याच तोंडवळ्याने निघत राहिली. का? एक तर लायसन्स राज. किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवणार. गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायला तयार, मग गाडी सुधारायची गरज कोणाला? दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं मला. लायसन्स घेतलं की तयार ड्रॉइंग मिळतं, पण नवं ड्रॉइंग काढणारी माणसं मिळत नाहीत. ती आपणच घडवावी लागतात. ते काम राहून गेलं. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि पद्मिनीचा बाजार उतरणीला लागला.

मग प्रीमियरने 1990 च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोबरोबर भागीदारी करून पाहिली. तीही काही वर्षांतच मोडली. 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही गेली.

आणि क्रायस्लरचं काय झालं?

तिकडे क्रायस्लरचीही दैना झाली. 1979 साली कंपनी बुडायला आली होती. फोर्डमधून काढून टाकलेले ली आयकोका तिथे प्रमुख झाले. अमेरिकी सरकारने 1.5 अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली. साध्या, छोट्या ‘के-कार’ आणि पाठोपाठ मिनिव्हॅन, यांच्या जोरावर कंपनी उठली. 1983 सालीच, मुदतीच्या सात वर्षं आधी, ते कर्ज फेडून मोकळी झाली. 1987 साली तिने एएमसी कंपनी घेतली आणि तिच्याबरोबर जीप हे नाव आलं.

पण 1998 साली जर्मनीच्या डाइमलरने क्रायस्लरला आपल्यात घेतलं, 2007 साली सोडलं, आणि 30 एप्रिल 2009 रोजी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. वाचवायला कोण आलं? फियाट! पुढे 2021 साली फियाट-क्रायस्लर आणि प्यूजोचा गट एकत्र होऊन स्टेलांटिस झाली.

आता जरा थांबा आणि बोटांवर मोजा. प्रीमियरचे तीन भागीदार कोण? क्रायस्लर, फियाट, प्यूजो. तिघंही आज एकाच घरात नांदतात. प्रीमियर मात्र त्या घरात नाही, आणि मोटारीही बनवत नाही. एपिसोडची तयारी करताना हे लक्षात आलं तेव्हा मी अक्षरशः वही खाली ठेवली.

मग आपण यातून काय घ्यायचं?

आज पुण्याजवळ रांजणगावला जीप कंपास बनते. टाटा आणि स्टेलांटिस यांच्या भागीदारीतला तो कारखाना आहे. सोलापूरची पोरं पदविका किंवा आयटीआय करून चाकण-रांजणगावची वाट धरतात. काम चांगलं आहे, त्याला नावं ठेवायचा प्रश्नच नाही. पण तळेगावची आठवण ठेवा. जनरल मोटर्सचा मोठा कारखाना 2008 साली तिथे सुरू झाला आणि 2020 च्या अखेरीस बंद पडला. गाडी कुठली काढायची हे जिथे ठरतं, कारखाना कधी बंद करायचा हेही तिथेच ठरतं. कुर्ल्याला जे कळलं, तेच सत्तर वर्षांनी तळेगावला कळलं.

दुसरी बाजूही सांगतो. 1998 साली टाटांनी इंडिका आणली. नक्षीकामाला इटलीच्या कंपनीची मदत होती, पण गाडी ठरवली आणि विकसित केली ती पुण्यात, आपल्या इंजिनिअरांनी. वालचंद अमेरिकेला जाऊन आले त्याला तेव्हा जवळजवळ साठ वर्षं झाली होती. म्हणजे वेळ लागला, पण ते होत नाही असं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, विशेषतः जे मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइल शिकताय त्यांना. नोकरी लागली की स्वतःला विचारा, मी विकतोय, जोडतोय की बनवतोय? उत्तर ‘जोडतोय’ असेल तर लाज नाही. क्रायस्लरनेही सुरुवात तिथूनच केली. पण त्याने गाडी चालवायच्या आधी खोलून बघितली, हे विसरू नका.

तुमच्या घरात फियाट, फारगो किंवा डॉज चालवलेलं कोणी असेल, तर त्यांना एकदा जवळ बसवून विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करा. गिअर कसा पडायचा, चढावर काय व्हायचं, सुटे भाग कुठून आणायचे, सगळं. आम्हाला पाठवा, पुढच्या एका भागात ते आवाज ऐकवू. भेटूच!